मदत हवी आहे: डिपेंडंट करंट सोर्सचं चिन्ह कुठे चुकून राहिलं? ९ ऐवजी १५ व्होल्ट येते

नमस्कार मंडळी. डिप्लोमा इलेक्ट्रिकल, दुसरं वर्ष. दारव्हा तालुक्यात खेड्यावर राहतो. फोटो चढण्याइतकी रेंज नाही, म्हणून सर्किट शब्दांतच सांगतो.

१० व्होल्टची बॅटरी, मायनस ग्राउंडला. प्लसपासून नोड (तारांचा जोड) 'अ'पर्यंत २ ओहम. त्यातला करंट आयएक्स, बाण बॅटरीकडून 'अ'कडे. 'अ'पासून ग्राउंडला ६ ओहम. त्याच दोन टोकांत डिपेंडंट करंट सोर्स, २ आयएक्सचा, म्हणजे आयएक्सच्या दुप्पट करंट देणारा, बाण वर 'अ'कडे. 'अ'चं व्होल्टेज (व्ही) काढायचं आहे. पुस्तकात मागे उत्तर ९ व्होल्ट.

मी नोडमधून बाहेर जाणारे करंट प्लस धरले:

(व्ही − १०)/२ + व्ही/६ − २ आयएक्स = ०

त्यात आयएक्स = (व्ही − १०)/२ टाकलं, तर व्ही १५ येते. चारदा केलं. बॅटरी १० ची अन् नोडवर १५, पण डिपेंडंट सोर्सही पॉवर देऊ शकतो, मग १५ चूकच आहे हे कशावरून? सरांना विचारलं तर म्हणाले, चिन्ह पाहा. तेच तर कालपासून पाहून राहिलो!

प्रतिसाद:
भाऊ, केसीएलची (नोडवरच्या सगळ्या करंटची बेरीज शून्य, हा नियम) ओळ बरोबर आहे, घोळ पुढच्या ओळीत आहे. आयएक्सचा बाण तू नाही काढला, प्रश्नातच दिला आहे. तो 'अ'मध्ये येते, म्हणून आयएक्स = (१० − व्ही)/२. तुझ्या पहिल्या पदातला करंट बाहेर जाणारा, म्हणजे बरोबर त्याच्या उलटा. साध्या सोर्सच्या सर्किटात एखाद्या करंटची दिशा उलटी धरली तर उत्तर नुसतं मायनस येते. इथे सोर्सच आयएक्सवर चालते, म्हणून आकडाच बदलला.

१५ चूक कशावरून, तर करंट मोजून पाहा. 'अ'वर १५ असले तर बॅटरीकडे २.५ अँपिअर बाहेर, ६ ओहममधून २.५ बाहेर. बाणाप्रमाणे आयएक्स झाला −२.५, म्हणजे सोर्सही ५ अँपिअर खालीच ओढते. तिन्ही दांडांनी पाणी चाललं अन् विहिरीवरची मोटर बंद! असं होते का कुठे?

धागाकर्ता:
जमलं! व्ही ९, आयएक्स ०.५, सोर्स १ अँपिअर, ६ ओहममधून १.५. पण सोर्सची पॉवर −९ वॅट येऊन राहिली. पुन्हा चिन्ह चुकलं काय?

प्रतिसाद:
नाही, ते बरोबर आहे. पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शनमध्ये प्लस टोकातून करंट आत शिरला तर पॉवर प्लस, म्हणजे तो घटक पॉवर खाते. इथे प्लस टोकातून बाहेर निघते, म्हणून मायनस, म्हणजे सोर्स ९ वॅट देते. बॅटरीचे ५ धरून १४. आता दोन्ही रेझिस्टरची बेरीज करून पाहा.

धागाकर्ता:
०.५ अन् १३.५, जुळले. लाईन जायच्या आत वहीत उतरवून घेतो, धन्यवाद दादा.