आजोबांच्या वाटेने गोवा: पूल नंतरचे
आजोबा १९६७ साली मुंबईहून गाडीने गोव्याला गेले, त्याच वाटेने आज जायचं तर ‘६६ नंबरचा (मुंबई-गोवा) हायवे धरला की आजोबांचाच रस्ता’ असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. त्या साली मुंबईहून निघालेली गाडी वाशीवरून जाणं शक्यच नव्हतं, कारण खाडीवरचा पहिला पूल १९७३चा. तेव्हा ठाणे, मुंब्रा, शिळफाटा करत पनवेल गाठायचं. शिवाय आमच्या आजोबांसारखे बरेच जण कोकणातून न उतरता पुणे, कोल्हापूर, आंबोली असे जात. त्यामुळे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, घाट कुठला लागला होता? आमच्या आजीला गावांची नावं आठवेनात, पण रेडिएटरमध्ये पाणी ओतायला कुठे थांबलो ते पक्कं लक्षात!

दुसरं म्हणजे पणजीजवळचा मांडवी नदीवरचा पहिला पूल १९७०चा (तोही १९८६ला कोसळला). म्हणजे त्या गाड्या पलीकडच्या काठावर बेतीला फेरीबोटीत चढून पणजीत उतरल्या. ती फेरी आजही आहे. आम्ही मुद्दाम पूल सोडून गाडी तिच्यात घातली. उतरताना लोखंडी फळीवर बंपर खर्रकन घासला, तेव्हा खालून कमी उंचीच्या गाडीवाल्यांनी जरा जपून.