मदत हवी आहे: पीपीएलनंतरच्या दुसऱ्या वर्षात आधी काय करावं?

नमस्कार मंडळी. खासगी वैमानिकाचा परवाना (पीपीएल) मिळून वर्ष झालं. लॉगबुक चाळलं तर बहुतेक उड्डाणं स्वच्छ हवेतली, ओळखीच्या धावपट्टीभोवतीची. क्रॉसविंड लँडिंग, म्हणजे आडव्या वाऱ्यात उतरणं, मात्र सुधारलंय. वाऱ्याच्या बाजूचं चाक आधी टेकवणं आता हातात बसलंय, याचा फार आनंद आहे.

पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) करायचं मनात आहे. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) मानकांनुसार त्यासाठी ५० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी) पीआयसी, म्हणजे मुख्य वैमानिक म्हणून, आणि ४० तास इन्स्ट्रुमेंटचा अनुभव लागतो. माझे क्रॉस-कंट्री तासच कमी आहेत. ते आधी लांबच्या मार्गांवर पूर्ण करावेत, की प्रशिक्षणासोबतच? आणि रेटिंगनंतर उड्डाणं विरळ झाली तर सराव कसा टिकवता? मला तरी हाच खरा प्रश्न वाटतो. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.