ईडन व्हॅलीच्या जुन्या रीझलिंगला रॉकेलसारखा वास का येतो?

प्रश्न: ॲडलेडला आम्ही दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ईडन व्हॅलीची दहा वर्षे जुनी रीझलिंग ही पांढरी वाइन उघडली. रंग सोनेरी होता, पण लिंबाच्या सालीच्या सुगंधासोबत रॉकेलसारखा वास आला. वाइन बिघडली आहे का?

उत्तर १: नाही, ओतून देऊ नका. द्राक्षांतील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून बाटलीत हळूहळू टीडीएन हे संयुग तयार होते आणि हा वास त्याचाच असतो. बेताचा असेल तर मला तो मनापासून आवडतो.

उत्तर २: शेजारच्या बरोसा खोऱ्यापेक्षा हा भाग उंच, साधारण ४०० ते ५०० मीटरवर असल्याने रात्री गार असतात, द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांची आम्लता टिकते, म्हणूनच ही वाइन इतकी वर्षे तग धरते. तेथील प्यूसी व्हेल या मळ्यात जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४७ मध्येच द्राक्षवेली लावल्या होत्या.