आईसाठी डिस्टन्स रेकीचं पहिलं सेशन ठरलंय, नेमकं काय होतं? मदत हवी आहे

सातपुड्याची_लेक

नमस्कार मंडळी. आई सावद्याला असते, वय ६७. दोन्ही गुडघे दुखतात, बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. मावसबहिणीने पुण्याच्या एका रेकीवाल्या ताईंकडे आईसाठी सेशन ठरवलंय. रेकी म्हणजे हातांनी ऊर्जा देतात म्हणे, आणि ही डिस्टन्स, म्हणजे त्या पुण्यातूनच देणार. येत्या गुरुवारी दुपारी २ वाजता, अर्धा तास. त्यांनी फोटो, पूर्ण नाव, गाव आणि आधार कार्डही मागितलंय. सेशनआधी जेवू नका म्हणाल्या. शिवाय "नंतर २१ दिवस दुखणं वाढेल, घाबरू नका, गोळ्या हळूहळू कमी करा" असं सांगितलंय.

आईने त्या वेळी काय करायचं? फोन चालू ठेवायचा का? काय जाणवतं? आणि काहीच जाणवलं नाही तर? मी अमळनेरला, आईजवळ फक्त वहिनी असेल. कृपया नीट सांगा.

तापीकाठ

ताई, आधी तिकडे पुण्यात काय चालतं ते सांगतो, म्हणजे आईला समजावता येईल. रेकीच्या तीन पायऱ्या असतात आणि दुरून द्यायला दुसरी पायरी झालेली लागते, कारण त्यासाठीचं चिन्ह दुसरीतच शिकवतात. तेव्हा "तुमची दुसरी पायरी झाली आहे का, कोणाकडे?" हे सरळ विचारा. नीट शिकलेल्या माणसाला हा प्रश्न लागत नाही.

सेशनला त्या ताई फोटो समोर ठेवतील, तळहाताने किंवा बोटाने त्यावर हवेत चिन्हं काढतील. होन शा झे शो नेन हे दुरून देण्याचं, सेई हे की मनासाठीचं, चो कु रेई जोर वाढवण्याचं. प्रत्येक चिन्हाचं नाव तीनदा मनात म्हणतात, आईचं नाव आणि गावही घेतात. मग आईच्या जागी उशी, बाहुली किंवा स्वतःची मांडी धरतात. मांडी घेतली तर गुडघा म्हणजे डोकं आणि मांडी म्हणजे धड, असं मानून हात ठेवत जातात. समोरासमोरच्या सेशनला एकेका जागी ३ ते ५ मिनिटं हात ठेवतात, म्हणून तासभर लागतो. दुरून देताना १५ ते ३० मिनिटांत आटोपतं. मंत्र, उदी, लिंबू, उतारा यातलं काही नाही. आईला हे स्पष्ट सांगा, नाहीतर गावाकडे लगेच "बाहेरचं बघून घेताहेत" असं होतं आणि तिला उगीच धास्ती बसते.

ही पद्धत मिकाओ उसुई यांनी १९२२ साली जपानमध्ये सुरू केली. जपानबाहेर नेली ती हवाईच्या हावायो ताकाता यांनी. 'प्राचीन वैदिक विद्या' म्हणून कोणी जास्तीचे पैसे मागत असेल तर एवढं लक्षात असू द्या.

आता आईच्या बाजूने. वेळ आधी बदलून घ्या. वैशाखात सावद्याला पारा ४४-४५ वर जातो, दुपारी २ ला लाइट गेली की कूलर बंद. घामाने निथळत पडलेल्या माणसाला कसली शांतता मिळणार? सकाळी ७ ते ८ किंवा रात्री ९ नंतरची वेळ मागा. दुरूनच द्यायचं आहे, त्यांना फरक पडू नये.

खाटेवर किंवा गादीवर उताणं पडायचं. डोक्याखाली पातळ उशी, दोन्ही गुडघ्यांखाली एक लोड किंवा घडी केलेली गोधडी, चार-पाच इंच उंच. गुडघे जरासे वाकलेले राहिले की मागची शीर ताणत नाही आणि कंबरही गादीला टेकते. मांडी घालून बसायला सांगितलं तर नाही म्हणा. दुखऱ्या गुडघ्यांवर अर्धा तास मांडी म्हणजे शिक्षाच ती. हात पोटावर किंवा बाजूला, डोळे मिटलेले. श्वास मुद्दाम ओढायचा नाही. फोन सुरुवातीला "सुरू करतेय" आणि शेवटी "झालं" एवढ्यापुरता, आणि तोही वहिनीकडे, बाहेरच्या खोलीत. उशाशी ठेवला की आईचं लक्ष त्याच्यातच.

काय जाणवतं? तळहात-तळपाय गरम होणं, मुंग्या, अंग जड वाटणं, पोटात गुडगुड, डोळ्यांत पाणी, नाहीतर सरळ डुलकी. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही आणि त्यात आईचं काही चुकलं असा अर्थ नाही. "तुम्ही मनापासून घेतलं नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आणि आईची परवानगी. ठरवलं मावसबहिणीने, पडून राहायचं आईने. तिला विचारल्याशिवाय रेकी पाठवू नये, हा रेकीवाल्यांचाच नियम आहे. तिने नको म्हटलं तर विषय संपला.

औषधाची_पाटी

ताई, मी औषधांच्या कामातला माणूस, म्हणून एकाच मुद्द्यावर हात जोडून सांगतो: उपाशी ठेवू नका आणि गोळ्या कमी करू नका.

शुगरची गोळी घेतली आणि जेवण टाळलं तर साखर खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर धोका जास्त, नुसत्या मेटफॉर्मिनवर कमी. पाकिटावरचं नाव वाचून घ्या. साखर उतरली की घाम, थरथर, धडधड, भूक, मग गुंगी. आता वरची रेकीत जाणवणाऱ्या गोष्टींची यादी बघा. मुंग्या, जडपणा, झोप! डोळे मिटून पडलेल्या आईला घाम फुटला तर वहिनी समजेल "ऊर्जा लागतेय". तिथेच घात होतो.

तेव्हा रोजच्या वेळी रोजचं जेवण, फक्त हलकं. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वरून भरीत खाऊन लगेच आडवं पडलं तर जळजळ होईल, म्हणून जेवण आणि सेशन यात दीड-दोन तास ठेवा. ग्लुकोमीटर घरात असेल तर आधी एकदा बघा. ७० च्या खाली आलं किंवा वरची लक्षणं दिसली की ३ चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ लावायचा.

दुसरं, उठताना. बीपीच्या गोळीवर असलेला म्हातारा माणूस अर्धा तास आडवा राहून झटक्यात उभा राहिला तर रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून दोन मिनिटं खाटेच्या काठावर बसायचं, माठातलं ग्लासभर पाणी प्यायचं, मग वहिनीचा हात धरून उभं राहायचं. आधीच गुडघे दुखतात, पडली तर मांडीचं हाड मोडायची भीती.

"२१ दिवस दुखणं वाढेल" या वाक्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गुडघा लाल, गरम, सुजलेला झाला, ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथे वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखलं, दम लागला तर लगेच १०८.

तापीकाठ

औषधवाल्या दादांचं शंभर टक्के बरोबर. ते २१ दिवस मुळात शिकणाऱ्यासाठी आहेत. दीक्षा घेतल्यावर २१ दिवस रोज स्वतःला रेकी द्यायची, असं शिकवतात. तो आकडा पेशंटच्या दुखण्याला चिकटवणं चूक. गोळ्या बंद करायला सांगणं तर कुठल्याच पायरीत बसत नाही.

बहिणाबाईनगर

थोडं कडू बोलते, राग मानू नका. रेकीने कुठला आजार बरा होतो हे चांगल्या चाचण्यांत ठरलेलं नाही आणि ती ऊर्जा कोणाला मोजता आलेली नाही. रेकीच्या जवळच्या 'थेरप्यूटिक टच' या पद्धतीची एक चाचणी १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली होती. पडद्याआडून हात बाहेर काढलेल्या २१ उपचारकांना, आपल्या कोणत्या हातावर दुसऱ्याचा हात धरलाय, हे ओळखायचं होतं. ४४ टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी निम्म्याला आलं असतं.

तरी आईला बरं वाटू शकतं, आणि ते खोटं नसेल. अर्धा तास कोणी हाक मारत नाही, श्वास संथ होतो, आपल्यासाठी कोणीतरी वेळ काढतंय हे कळतं. गुडघेदुखी रोज सारखी नसतेच, फार दुखतं तेव्हाच माणूस उपाय शोधतो आणि पुढे ती थोडी उतरतेच. म्हणून वहीत रोज सकाळी ० ते १० मध्ये दुखणं लिहायला सांगा, आजपासूनच. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचा व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या. गुडघ्याच्या झिजेला त्याचा खरा उपयोग होतो.

आधार कार्ड द्यायचं नाही. नाव, गाव, चेहरा दिसणारा एकटीचा फोटो, बस. लग्नातला ग्रुप फोटो असेल तर कापून पाठवा. फी आधी विचारा आणि एकाच सेशनची द्या, ११ किंवा २१ सेशनचं पॅकेज नको. "पैसे परत करते, पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फसवणूक समजा, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. आणि "अमक्याने करणी केलीय" हा शब्द निघाला की फोन ठेवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डायबेटिस, बीपी चमत्काराने बरं करतो अशा जाहिरातीलाही १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

सातपुड्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. आईशी बोलले. "झोपायचंच आहे ना, मग झोपते" म्हणाली. वेळ सकाळी साडेसातची करून घेतली, आधार दिलं नाही, गोळ्यांना हात लावणार नाही हे त्यांना कळवलं. गोळी ग्लिमेपिराइडचीच निघाली. एक शेवटचं: आई खरंच घोरायला लागली तर वहिनीने उठवायचं का?

औषधाची_पाटी

सकाळची गोळी नाश्त्याबरोबर असेल तर नाश्ता ६ ला उरकायचा, चहावर भागवायचं नाही. झोपली तर झोपू द्या. पण वहिनीला मधूनमधून कपाळाला हात लावून बघायला सांगा. गार घाम असेल तर उठवायचं, हाकेला नीट ओ देते का बघायचं आणि साखर तपासायची.

तापीकाठ

आणि अर्धा तास झाला की गुडघ्यांखालचा लोड हळूच काढून घ्या भो. तसेच वाकलेले राहिले तर उठताना ताठ होतात आणि मग दिवसभर दुखतात.