दफनकुंभ लहान मुलांना दाखवावेत का?

कोथरूडची आई
गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पाहिलं. ती दुसरीत आहे. इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंपाशी दोन राखाडी घडे दिसले, आडवे, तोंडाला तोंड लावलेले. "आई, यात काय ठेवायचे?" मी "धान्य" म्हटलं आणि तिला पुढे ओढलं. खोटं बोलले, ते खुपतंय. तरी मत तेच आहे: त्यात मेलेली बाळं पुरायचे, हे सात वर्षांच्या पोरीला कळायची घाई नाही. हे घडे वेगळ्या खोलीत ठेवावेत.

शिरूरकर
ताई, नाही पटलं. इनामगाव आमच्या तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. 1968 ते 1983 तिथं उत्खनन चाललं. तीन हजार वर्षांमागे ही बाळं गावाबाहेर नाही, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरली. वर चूल पेटतेय, खाली लेकरू. आमच्याकडे आजही तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. पोरांना ठाऊक असतं ते. वेगळी खोली केलीत तर घर कुठलं आणि कुंभ कुठला, हेच तुटेल.

कोथरूडची आई
आणि त्याच गावात मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेत, तेही सांगू? रात्री झोपेल का ती?

मातीखालचं
शाळेच्या सहली मी बरीच वर्षं फिरवतोय. आधी जोर्वे पद्धतीचं, म्हणजे त्या काळच्या इथल्या घडणीचं, तोटीचं भांडं दाखवतो: लाल अंगावर काळ्या रेषा, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. मग घरं, चुली, कणग्या. कुंभ त्यानंतर. तोवर ती माणसं मुलांच्या ओळखीची झालेली असतात. एका मुलीने विचारलं होतं, "बाळाजवळ पाणी ठेवलं होतं का?" दफनात छोटी भांडी ठेवत, ते सांगितलं, तिला बरं वाटलं. पायांबाबत मात्र मी ताईंच्या बाजूचा. मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून तोडले, हा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि मुलांपुढे त्याची लगेच भुताची गोष्ट होते.

कोथरूडची आई
परत नेते तिला, आधी भांडी, मग घडे. धान्य नव्हतं हेही सांगेन. पायांचं चौथीत गेल्यावर.

शिरूरकर
पायांचंही आत्ताच सांगा, तर्क आहे असं म्हणून. तुम्ही टाळलंत तर मोबाइलवर शोधेल, आणि तिथं भुताचीच गोष्ट सापडेल.