आजीच्या फोटोखाली जन्मसाल कोणतं घालू?

लालबागची_नात
आजी माघात गेली. वर्षश्राद्धाआधी फोटो फ्रेम करायचाय आणि फ्रेमवाला विचारतोय, "खाली साल काय टाकू?" आधारवर 1 जानेवारी 1932 आहे, जुन्या रेशनकार्डावरच्या वयावरून 1940 निघतं. दोन्ही फॉर्म भरणाऱ्यांची कृपा.

तिचं पंचांग वेगळंच होतं. लग्न होऊन लालबागला आली तेव्हा ट्राम होती. महाराष्ट्र झाला त्या पावसाळ्यात थोरला काका झाला. आणि लहानपणी माझगावात राहताना, पडलेला दात कौलावर टाकायला बाहेर गेली, तेव्हा गोदीत स्फोट झाला. "दात टाकला नि आभाळ फुटलं." वर आईने पाठीत धपाटा घातला, जणू हिनेच केलं! काका म्हणतो, दाताचं तिने मागाहून जोडलंय. मला नाही वाटत. बाकीच्या गोष्टी ती दरवेळी फुलवून सांगायची, ही कधीच बदलली नाही.

गोदीवाला
ट्रामने काही कळणार नाही, ती 1964 पर्यंत धावत होती. स्फोट मात्र पक्का धरा: 14 एप्रिल 1944, शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीवर कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. माझगाव अगदी लागूनच. दात वरचा की खालचा? खालचे पुढचे साधारण सहाव्या वर्षी पडतात, वरचे सातव्या.

लालबागची_नात
खालचा! सांगताना ओठ खाली ओढून दाखवायची. म्हणजे 1938 च्या आसपास. काकाच्या वेळी बावीसची, जुळतंय.

निवृत्त_बाई
मी मनपा शाळेत होते. शिकली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद सापडू शकते. पण तारीख 1 जून दिसली तर भुलू नका. आईवडिलांना सांगता आली नाही की गुरुजी सर्रास तीच लिहायचे. घरात जुना दाखला नाही का?

लालबागची_नात
चौथीपर्यंत शिकली होती. दाखल्यासाठी काल तिची ट्रंक उपसली. दाखला नाही, खानावळीची वही निघाली.

गिरणीतले बावीस मेंबर जेवायचे आमच्या दोन खोल्यांत, पाळीप्रमाणे. रातपाळीवाल्यांचं ताट झाकून ठेवायची. वहीत एकेकाचं नाव, पुढे डबे, खाडे, पगाराला किती दिले. खाड्याचे पैसे कापायची, त्यात चोख. 18 जानेवारी 1982 ला संप लागला आणि फेब्रुवारीपासून पैशांचा रकाना कोरा. डब्यांच्या खुणा मात्र जूनपर्यंत आहेत! मग एकेका नावापुढे "गावी गेला". बाबा म्हणाले, त्याच उन्हाळ्यात तिच्या पाटल्या गेल्या. आम्हाला ती सांगायची, गणपतीच्या गर्दीत चोरीला गेल्या.

गोदीवाला
बाकी किती निघते?

लालबागची_नात
बेरीज केलेलीच नाही. इतर प्रत्येक महिन्याखाली बेरीज आहे, संपाच्या महिन्यांखाली नाही. काकाला दाखवली तर तो वही घेऊन गॅलरीत जाऊन बसला. दाताबद्दल आता काही बोलत नाही.

बाई, सोमवारी शाळेत जाते. 1 जून निघाली तर फ्रेमवाल्याला 1938 सांगणार.