चहा तिघांचा
'लॅटिन रॉक बॅलड (लॅटिन अमेरिकेतलं संथ, भावुक रॉक गाणं) म्हणजे सोडून गेलेली प्रेयसी आणि गिटारचं रडगाणं' असं एक मत ऐकलं, ते निम्मंच पटलं. सोदा स्तेरेओ या अर्जेंटिनाच्या रॉक बँडचं 'ते पारा त्रेस' (म्हणजे 'तिघांसाठी चहा'; १९९०, 'कान्सिओन आनिमाल' अल्बम) ऐकून बघा. मीही कित्येक वर्षं ते ब्रेकअपचं गाणं समजत होतो. 'त्याच्यासाठी रडताना तुला पाहिलं' म्हटल्यावर दुसरं काय वाटणार! पण रडणारी ती बँडच्या गायकाची, गुस्तावो सेरातीची आई. वडिलांना कॅन्सर असल्याचं कळलं, तेव्हाचा घरातला तिघांचा चहा आहे तो. टेबलावर अंथरलेल्या कापडावर कप, थोडासा मध, आणि तोही पुरत नाही. एवढंच.

वडील १९९२ मध्ये गेले. १९९६ च्या एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्ही मैफलीतलं आधी ऐका, मूळ नंतर.